कोकरांचं फाटक

कस्तुरा : खालून धरा अप्पा, खालून! वरच्या पट्टीला धरलं की नळ्या हलतात.

मुंजाबा : धरलं, धरलं. केवढं जड हाय हे! अन् त्या टोकाला कोण पोरगी हाय, ते तरी सांगशील का आधी?

कस्तुरा : गौतमी! मी सांगितलं नव्हतं का, नववीच्या टेक्निकलला आम्ही दोघीच पोरी? ही दुसरी. अगं, आलीस कशी तू? मला वाटलं, आपलं फाटक आता वर्कशॉपमधेच गंजणार.

गौतमी : गंजेल कसं? मी आहे ना! बाबा कंपनीचा माल घेऊन जालन्याला निघाले होते, म्हटलं टाका हे पण टेम्पोत. करमाडच्या पुढं रस्त्यावरून मेंढरं दिसली, मेंढरांत तू दिसलीस, उतरले. जय भीम काका... म्हणजे, नमस्कार.

मुंजाबा : असू दे, असू दे. रामराम. ठेवा आता हितं. बाप कुठंय तुझा?

गौतमी : गेले पुढं. दुपारी परत येताना नेतील मला. काका, तेवढ्या वेळात झालं पाहिजे सगळं. कस्तुरा, तू बस आधी खाली. बातमी आहे.

कस्तुरा : उभीच बरी आहे मी. सांग ना!

गौतमी : टेक्निकलचं प्रदर्शन उद्यावर आणलं सरांनी.

कस्तुरा : उद्या? अगं, ते तर संक्रांतीनंतर होतं!

गौतमी : हौ ना. पण विद्यापीठाच्या नामांतराचं आज-उद्या जाहीर होणार म्हणतात. आमच्या हर्सूलला चौकात पोलिसांची गाडी येऊन थांबलीय. शाळा कधी बंद होईल सांगता येत नाही. म्हणून पाथ्रीकर सर म्हणाले, बंद व्हायच्या आत उरकून टाकू. बाहेरचे परीक्षक पण यायला तयार झाले.

मुंजाबा : थांब, थांब. पोरी, म्या हिला शाळेतनं का आणली, ठाऊक हाय का तुला? हे सगळं निवळंपर्यंत ही हितनं हलणार नाय. आत्याच्या घरून उचलून आणली म्या हिला गुरुवारी. अन् तू शाळाच टेम्पोत घालून आणली व्हय?

कस्तुरा : अप्पा, एका दिवसाचा तर प्रश्न आहे!

मुंजाबा : दिवस एक असंल, रस्ता तोच हाय. ज्याच्या रानात आपण मेंढरं बसवली, तो रामकिसन पाटील सकाळीच सांगून गेला. म्हणला, मुंजाबा, शहराकडं पोरीबाळी धाडू नको, काय नेम नाय. त्यो पेपर वाचणारा माणूस हाय.

गौतमी : काका, उद्याचं नंतर बघू. आत्ता एक काम करू द्या. सरांची अट आहे, खऱ्या मेंढरांवर चालवून बघितल्याशिवाय फाटक टेबलावर चढवायचं नाही. आम्ही पुठ्ठ्याची मेंढरं करून दाखवली तर सर हसले. म्हणाले, पुठ्ठा ढकलत नाही, मेंढरू ढकलतं.

मुंजाबा : ते खरं बोलला तुमचा सर. पण हे हाय तरी काय? लाकडी चौकट दिसती, गज दिसत्यात, गजावर नळ्या. दाराला कडी नाय, कोयंडा नाय. उघडायचं कुठनं?

कस्तुरा : उघडायचंच नाही! हेच तर! अप्पा, ऐका, पहिल्यापासून सांगते.

गौतमी : आता बसा काका. ही पहिल्यापासून सांगायला लागली की लवकर थांबत नाही.

कस्तुरा : दिवाळीच्या आधी सरांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. नुसते म्हणाले, घरी जा, गप बसून बघा, तुमच्या घरात कोण कशानं बेजार होतंय. त्या माणसाचा त्रास कमी करणारी वस्तू आपण काढायची, कागदावर आणि मग हातानं करायची. पोरांनी काय काय आणलं! निम्म्यांनी टेबल लॅम्प.

गौतमी : एकानं तर घरात लाइट नसताना टेबल लॅम्प सांगितला!

कस्तुरा : मी सांगितलं, आईचा हात. कोकरांना पेंड टाकली की मोठी मेंढरं तुटून पडतात. आई रोज काठी घेऊन त्यांना अडवत उभी राहायची. त्या काळतोंडी मेंढीनं धडक दिली अन् आईचं मनगट मोडलं. अजून हात गळ्यात बांधून मामाकडं बसलीय बिचारी.

मुंजाबा : शाळेत सांगितलं व्हय तू हे? घरातलं?

कस्तुरा : सांगितलं. कोणी हसलं नाही अप्पा. सरांनी सगळ्या वर्गाला विचारलं, तुम्ही हिच्या आईच्या जागी काय कराल? पोरं म्हणाली, भिंत बांधू, मोठ्या मेंढरांना बांधून घालू, कुत्रा ठेवू. हिनं हात वर केला. म्हणाली, कोकरू जाईल पण मेंढी जाणार नाही असं भोक का नको?

गौतमी : आमच्या घरी मांजरासाठी दाराला तसंच भोक आहे. कुत्रं आत येत नाही. त्याच्यावरून सुचलं.

मुंजाबा : अस्सं... म्हंजी ह्या दोन गजांच्या मधनं कोकरू आत शिरंल, पेंड खाईल, अन् थोरलं मेंढरू भाईर तोंड वासून बघत राहील?

कस्तुरा : बरोब्बर! आणि ह्या नळ्या गजावर गरगर फिरतात, बघा. ही माझी युक्ती. कोकरू अंग घासून गेलं तरी लोकर ओढली जात नाही, नळीच फिरते.

गौतमी : आणि वरची पिन माझी. ही उपसली की गज उचलून बाहेर काढता येतो. हिला नको होती पिन. म्हणे गज चौकटीत कायमचे ठोकून टाकू, मजबूत होईल. दोन दिवस बोलत नव्हतो आम्ही.

कस्तुरा : पिनेनं खिळखिळं होतं, अजून सांगते.

गौतमी : होत नाही. मी स्वतः कानस मारलीय. सरांनी तीनदा परत पाठवलं, म्हणाले सैल आहे. चौथ्यांदा घट्ट बसली.

मुंजाबा : भांडू नका. वाघरीचं जाळं हाय तिकडं, खुंट्या हायत. कोकरांचा कोपरा जाळ्यानं बांधून घेऊ, अन् तोंडाला हे तुमचं फाटक. चालतंय का ते तरी बघू. पण माझ्या मेंढराला इजा झाली तर हे उचलून रस्त्यावर फेकीन, सांगून ठेवतो.

कस्तुरा : आणि चाललं तर? चाललं तर उद्या जाऊ द्याल?

मुंजाबा : जाळं धर तू. तोंड बंद.

गौतमी : काका नाही म्हणाले नाहीत.

कस्तुरा : हळू बोल ना!

मुंजाबा : ऐकतोय म्या. ओढ, ओढ जरा. आता फाटक उभं करा. खाली दगड लावा दोन्ही अंगाला. हां. पेंड टाक मागं. आता दोघी सरका बाजूला. सोडू का मेंढरं?

कस्तुरा : सोडा! अगं गौतमी, अजून मागं सरक!

गौतमी : सरकले. आली, आली!

कस्तुरा : पहिलं कोकरू! नाक लावलं नळीला... बघतंय... घुसलं! घुसलं अप्पा! नळी फिरली बघा, गरगर फिरली!

गौतमी : दुसरं! तिसरं! अरे, हे तर पळतच गेलं!

मुंजाबा : आयला, खरंच की! आत गेली! अन् थोरली बघा कशी मागं उभी, येड्यावाणी! काळतोंडे, ये आता, धडक दे ना!

गौतमी : काका, ही येतेय. डोकं घातलं तिनं. घातलं ना आत?

कस्तुरा : डोकं जाऊ दे, खांदा अडतो तिचा. आपण मोजलंय ना... अगं! खांदा पण शिरला!

मुंजाबा : अडकली! ए, अडकली ती! मागं ओढ, मागं!

कस्तुरा : मागं येत नाहीये! अप्पा, ती घाबरलीय, फाटकच घेऊन पळतेय!

मुंजाबा : कुऱ्हाड! कुऱ्हाड आण पालातनं, तोडतो चौकट! मान मोडंल तिची!

गौतमी : तोडू नका! काका, तोडू नका, तिला धरा फक्त! पोटाशी धरा. कस्तुरा, चौकट दाब खाली. मी पिन... सरक ना... निघाली! गज उचलते, उचलला! सोडा आता!

मुंजाबा : गेली. गेली सुटून. हां, हां, बाई, काय नाय, काय नाय तुला. उभी रहा. कान हालवते, मान हालवते. बरी हाय.

कस्तुरा : लागलं तिला?

मुंजाबा : नाय. खरचटलंसुद्धा नाय. पर पुरे झालं आता. काढा हे.

कस्तुरा : अप्पा...

मुंजाबा : पुरे म्हणलं ना! रडू नको. चांगलं केलं व्हतं तुमी, पर जनावर हाय ते, कागद नव्हं.

गौतमी : कस्तुरा, रडायचं नंतर. इकडं ये. आपण हिला मोजली होती ना?

कस्तुरा : मोजली होती. दिवाळीला आले तेव्हा सुतळीनं सगळ्या मोजल्या मी. सगळ्यात बारीक मेंढीसुद्धा ह्या फटीत बसत नव्हती.

गौतमी : मग आज कशी बसली? काका, ही आजारी होती का? उपाशी?

मुंजाबा : उपाशी कशाला असंल? चांगली खाऊनपिऊन हाय. परवाच कातरली सगळी.

कस्तुरा : काय म्हणालात?

मुंजाबा : कातरली म्हणलं. लोकर काढली. तुझ्या सोनाजीकाकानं अन् म्या.

कस्तुरा : गौतमी! मी लोकर मोजली! मेंढी नाही, लोकरीसकट मेंढी मोजली मी! दिवाळीला त्यांच्या अंगावर हे एवढं होतं, आता नुसतं अंग उरलंय!

गौतमी : अरे हो! म्हणजे फाटक बरोबर आहे, माप चुकलं!

कस्तुरा : मी धनगराची पोरगी आणि मला हे सुचलं नाही! सरांना काय सांगू?

गौतमी : हेच सांगू. चार्टवर लिहू मोठ्या अक्षरात. सर असल्या चुकांवर जाम खूश होतात. आता गज आत घ्यायचे. पट्टीला जादा भोकं कशाला पाडली होती आपण? एक भोक अलीकडं सरकवलं की झालं. काका, एकदा. फक्त एकदाच.

मुंजाबा : अन् पुन्हा अडकली तर?

गौतमी : मी पिनेला हात लावूनच उभी राहते. हलणार नाही जागची.

मुंजाबा : एक सांग मला. फट आवळली तर माझं ते थोरलं कोकरू कसं जाणार? ते ढबं? आईचं दूध अजून सोडत नाय ते.

कस्तुरा : ते जाईल की नाही, मला पण माहीत नाही अप्पा. बघूच ना!

मुंजाबा : तुमी दोघी बी सारख्याच. सरकवा. लवकर सरकवा, मेंढरं बिथरायच्या आत.

गौतमी : सरकवला. दुसरा पण. पिना घट्ट. मी इथं आहे. सोडा!

कस्तुरा : बारकी गेली सगळी. पटापट गेली. आता काळतोंडी... तीच पहिली. हिला अक्कल म्हणून नाहीच!

मुंजाबा : गप. बघू दे.

गौतमी : डोकं घातलं. खांदा... अडला! खांदा अडला काका! ढकलतेय... नाही जात!

कस्तुरा : मागं आली! आपोआप मागं आली! डोकं निघालं, काही झालं नाही!

मुंजाबा : पुन्हा येती बघा, लई चिवट हाय. ये, ये. नाय ना जमत? आता कशी रुसल्यावाणी उभी राहिली! अरे वा रं वा!

कस्तुरा : ढबं आलं! अप्पा, ढबं! अडकतंय... पोट अडकतंय...

गौतमी : पिन काढू?

कस्तुरा : नको! थांब! नळ्या फिरतायत बघ, त्याच्या पोटाबरोबर दोन्ही फिरतायत... सरकतंय... गेलं! गौतमी, गेलं! माझ्या नळ्यांनी नेलं त्याला!

गौतमी : तुझ्या नळ्या, माझी पिन! चल, बोल आता, पिनेनं खिळखिळं होतं का?

कस्तुरा : नाही होत! कधीच नाही होत! गज ठोकून टाकले असते तर मघाशी चौकट तुटली असती, मेंढी गेली असती. तुझंच खरं!

मुंजाबा : अगं ए, नाचू नका, कोकरं बुजतील! हळू. गप उभ्या रहा जरा. बघा, कशी एका रांगेत खात्यात. कुणाची काठी नाय, आरडाओरडा नाय. तुझी आई हितं असती तर... मंजुळाला दाखवायला पायजे हे.

कस्तुरा : तुम्ही हसताय अप्पा.

मुंजाबा : हसू नको तर काय करू? बस बाई गौतमी, बस त्या घोंगडीवर. मघाशी तू पुढं घुसली तवा तुझ्या पायावर खूर पडला ना? लपवू नको, लंगडतीस.

गौतमी : थोडंसंच आहे काका. बाबांना नका सांगू. आईला तर मुळीच नको. ती मला पाठवतच नव्हती.

मुंजाबा : मंग पाठवलं कोणी?

गौतमी : बाबांनी. घरात मोठं भांडण झालं काल. आई म्हणत होती, असल्या दिवसांत पोरीला भलत्या गावी कशाला नेता? बाबा म्हणाले, नामांतराचा पहिला ठराव झाला त्या साली आपली घरं जळाली, गाव सुटलं. तेव्हा मी पळालो, पळावंच लागलं. पोरीला पण घरात कोंडून ठेवलं तर मग आपण शहरात आलो कशाला?

मुंजाबा : कोणतं गाव तुमचं?

गौतमी : जालन्याच्या पलीकडं आहे. मी कधी बघितलं नाही. बाबा जात नाहीत परत.

मुंजाबा : त्या साली आमचा मेंढरांचा वाडा तिकडच्याच रानात बसलेला व्हता. पावसाळ्याचे दिवस. म्या नवा-नवा बाप झालेलो, हिचा थोरला भाऊ तवा झोळीत. टेकाडावरनं धूर दिसला. लई धूर. माझा बाप म्हणला, मेंढरं हाक, थांबू नको. हाकली.

गौतमी : तुम्ही तरी काय केलं असतं काका?

मुंजाबा : ते न्हाय ठाऊक. पर आता तुला बघतो तर वाटतंय, त्या धुरातनं कोण कोण कुठं गेलं असंल. कडूबा नाव का तुझ्या बापाचं? टेम्पोवर लिवलंय तसं?

गौतमी : हौ. कडूबा.

मुंजाबा : त्याच्या टेम्पोत जागा किती असती, माघारी जाताना?

गौतमी : रिकामाच असतो. का?

मुंजाबा : उद्या सकाळी पुन्हा इकडं माल टाकायला येतो का त्यो?

गौतमी : येतात, रोजच येतात. पण का काका?

मुंजाबा : तुमचा सर म्हणला ना, पुठ्ठा ढकलत नाय? मंग त्या परीक्षकांनी तरी पुठ्ठ्यावर इस्वास का ठेवायचा? काळतोंडी घेतो, आणखी एक घेतो, अन् ढब्यासकट चार कोकरं.

कस्तुरा : शाळेत? अप्पा, शाळेत मेंढरं?

मुंजाबा : अन् मेंढरांसंगट मी. सोनाजी वाड्यावर थांबंल. पोरी एकट्या धाडू नको, असं पाटील म्हणला. एकट्या कुठं धाडतोय?

गौतमी : काका! सरांना वेडच लागेल! मुख्याध्यापकांना तर चक्करच येईल!

कस्तुरा : अप्पा, तुम्ही खरंच येणार? खरंच?

मुंजाबा : पटका धुवून वाळत घाल माझा. अन् ओरडू नको, कोकरं खात्यात.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, हर्सूलला, गौतमीच्या दारात थांबलेल्या टेम्पोत.)

कस्तुरा : आणि ते टेबल लॅम्पवालं पोरगं! त्याच्या फुलांच्या माळा काळतोंडीनं खाल्ल्या, अन् ते रडायचं सोडून म्हणतंय, सर, माझ्या लॅम्पकडं निदान मेंढी तरी आली!

गौतमी : सगळी शाळा आपल्याच भोवती होती गं! आठवीच्या पोरी खिडकीत चढल्या होत्या. मला विचारत होत्या, ताई, आम्हाला पण टेक्निकल घेता येतं का?

मुंजाबा : सगळ्यात मोठा परीक्षक लई शहाणा निघाला. म्हणला, बाबा, मेंढी अडकली तर काय? म्या म्हणलं, साहेब, अडकलीच व्हती काल. ह्या पोरीनं पिन उपसली अन् सोडवली. म्हणला, दाखवा. दाखवलं.

कस्तुरा : तुम्ही त्यांच्याशी माईक असल्यासारखं बोलत होता अप्पा. वर्कशॉपच्या बाहेर ऐकू येत होतं.

मुंजाबा : रानात बोलायची सवय हाय. हळू कसं बोलत्यात, मला काय ठाऊक?

गौतमी : ते म्हणाले, मुलीचं कौतुक आहे तुमच्या, तर काका म्हणाले...

मुंजाबा : खरं तेच म्हणलं. नळ्या माझ्या पोरीच्या, पिन हिची. दोघींचं फाटक हाय. एकीचं म्हणून लिवू नका.

कस्तुरा : जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जायचंय आता आम्हाला! संक्रांत झाली, सगळं निवळलं की. सर म्हणाले, तोवर चौकट हलकी करून ठेवा. मी म्हणते, लाकडाऐवजी पत्र्याची पट्टी वाकवून...

गौतमी : पत्रा कापतो गं. कोकराचा कान कापेल. त्यापेक्षा बांबू.

कस्तुरा : बांबूला भोकं पाडलीस तर चिरतो!

मुंजाबा : झालं सुरू. कस्तुरे, तू उतर आता. हितनं चालत आत्याकडं सोडतो तुला.

कस्तुरा : आत्याकडं? वाड्यावर नाही न्यायचं मला?

मुंजाबा : शाळा चालू हाय तवर शाळेत जायचं. बंद झाली तर ये. बांबू का पत्रा, ते तिकडं रानात बसून कसं ठरणार?

कस्तुरा : अप्पा!

गौतमी : काका, आई बोलावतेय. म्हणते, उतरा ना, चहा ठेवलाय.

मुंजाबा : जनावरं तहानलेली हायत गं सकाळपासनं.

गौतमी : त्यांना बादली भरून आणतेच मी. तुम्ही या. खाट टाकलीय बाबांनी.

कस्तुरा : अप्पा?

मुंजाबा : उतरतोय ना. बसून बसून गुडघे आखडलेत, हात दे जरा. अन् गौतमी, आईला सांग, साखर टाकताना हात सैल सोड म्हणावं.